वार्षिक फॉर्म राहिलेत आणि प्रायव्हेट लिमिटेड बंद करायचीय (सांगली)

कुपवाडकर (मे 2025)
मंडळी नमस्कार. 2021 साली बेदाणा आणि हळद पॅक करून विकायला प्रायव्हेट लिमिटेड काढली होती. दोन डायरेक्टर, मी आणि माझे मेहुणे. भागभांडवल एक लाख. धंदा 2023 च्या सुरुवातीला थांबला. मार्च 2022 पर्यंतचे एओसी-4 (वार्षिक हिशेब) आणि एमजीटी-7ए (वार्षिक विवरण) हे फॉर्म भरलेत, 2022-23 आणि 2023-24 चे राहिलेत. आयकर विवरणपत्रे शून्याची का होईना, भरलीत. जीएसटी नंबर चालू आहे, शून्याचे रिटर्न जातात. बँकेत 6,200 रुपये. आम्ही दोघांनी कंपनीला दिलेले 3,40,000 पुस्तकात कर्ज म्हणून दिसतात. कंपनी निबंधकांची नोटीस आलेली नाही.

एक जण म्हणतो, काही करू नका, सरकार आपोआप नाव काढून टाकेल. दुसरा म्हणतो सगळी वर्षे भरल्याशिवाय बंद होत नाही. खरे काय?

विश्रामबाग_सीएस
दोघांचेही अर्धे खरे आहे.

बंद करायचा अर्ज म्हणजे फॉर्म एसटीके-2, कंपनी कायद्याच्या कलम 248(2) खाली. नियम असा, की ज्या आर्थिक वर्षात धंदा थांबला त्या वर्षाअखेरपर्यंतचे एओसी-4 आणि एमजीटी-7 (तुमच्यासारख्या छोट्या कंपनीला 7ए) भरलेले हवेत. पुढच्या वर्षांचे मागत नाहीत. पण नाव काढण्याबद्दलची निबंधकांची एसटीके-1 नोटीस एकदा निघाली, की ही सूट संपते आणि सगळीच वर्षे भरावी लागतात. त्याच्याही पुढे जाऊन नाव काढल्याची एसटीके-7 नोटीस निघाली, तर अर्जच करता येत नाही. तुम्हाला नोटीस नाही, म्हणून आत्ताच हालचाल करा.

आता सगळे एका तारखेवर अडलेय. शेवटचे विक्रीचे बिल कधीचे? 31 मार्च 2023 च्या आतले असेल तर फक्त 2022-23 भरायचे. शिवाय अर्जाचे कारण म्हणून लगतची दोन आर्थिक वर्षे धंदा नव्हता हे दाखवावे लागते, तेही 2023-24 आणि 2024-25 मध्ये बसते. पण उरलेला माल एप्रिल-मे 2023 मध्ये जीएसटी बिलावर विकला असेल तर दोन्ही गणिते कोलमडतात. जीएसटीआर-1 (विक्रीचे रिटर्न) उघडून बघा, आठवणीवर जाऊ नका.

कुपवाडकर
बघितले. शेवटचे बिल 18 फेब्रुवारी 2023. नंतर सगळे शून्य. जून 2023 मध्ये गाळ्याची अनामत परत आली, तेवढीच.

विश्रामबाग_सीएस
अनामत परत येणे म्हणजे धंदा नव्हे. म्हणजे 2022-23 हेच शेवटचे वर्ष.

विलंब शुल्क प्रत्येक फॉर्मला दिवसाला 100 रुपये, वर मर्यादा नाही. वार्षिक सभा झाली नाही तरी मोजणी 30 सप्टेंबर 2023 धरूनच होते. एओसी-4 ची मुदत 30 ऑक्टोबरला संपली, 31 मे 2025 ला भरलात तर 579 दिवस, 57,900. एमजीटी-7ए ची मुदत 29 नोव्हेंबरला संपली, 549 दिवस, 54,900. दोन्ही मिळून 1,12,800. साधे शुल्क फॉर्ममागे 300, एसटीके-2 चे 10,000. डायरेक्टरची केवायसी राहून डीआयएन (डायरेक्टरचा नंबर) निष्क्रिय झाला असेल तर माणशी 5,000. 2023-24 भरावे लागले असते तर त्याच तारखेला आणखी 39,600 गेले असते.

लेखापरीक्षणात मागची तारीख टाकू नका. सीएचा यूडीआयएन (प्रत्येक सहीसाठी ऑनलाइन काढायचा नंबर) सहीपासून 60 दिवसांतच काढता येतो, त्यामुळे 2023 ची तारीख आणि आजचा यूडीआयएन जुळणारच नाही. सभा उशिरा झाली असे सरळ लिहा. ताळेबंदाचे आकडे भरलेल्या आयकर विवरणपत्राशी जुळलेच पाहिजेत.

कृष्णाकाठ
"आपोआप नाव जाईल" या सल्ल्याबद्दल. निबंधक कलम 248(1) खाली नाव काढतात हे खरे, पण कधी, ते तुमच्या हातात नाही. सलग तीन वर्षांचे हे वार्षिक फॉर्म राहिले की कलम 164(2) लागते आणि डायरेक्टर पाच वर्षे अपात्र. तुमची दोन वर्षे झालीत. 2024-25 ची मुदत या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संपेल, ते तिसरे. मेहुणे दुसऱ्या कुठल्या कंपनीत डायरेक्टर असतील तर तिथलेही पद धोक्यात येते. लाखभर वाचवायला जाऊन हे ओढवून घेऊ नका, दादा.

एसटीके-2 च्या आधीची कामे कोणी नीट सांगत नाही, म्हणून लिहितो. जीएसटी रद्द करायचा अर्ज आरईजी-16, आणि रद्द झाल्यावर तीन महिन्यांत जीएसटीआर-10. हे शेवटचे रिटर्न हमखास राहते. व्यवसाय कराचे पीटीईसी (नोंदणी प्रमाणपत्र) बघा. कंपनीला वर्षाला 2,500 लागतात. फेब्रुवारी 2020 नंतर काढलेल्या कंपन्यांना ते नोंदणीबरोबरच मिळाले आहे आणि अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. पीएफ, ईएसआयचे कोडही तसेच आले असतील. पॅकिंगचा अन्न परवाना परत करा. बँक खाते सगळ्यात शेवटी बंद करा आणि खाते बंद केल्याचे पत्र शाखेकडून मागून घ्या.

कुपवाडकर
आणि ते 3,40,000? ते देणे दाखवून बंद करता येईल का?

विश्रामबाग_सीएस
नाही. देणे शून्यच हवे, मग ते स्वतःच्या डायरेक्टरचे का असेना. आज ताळेबंदात एका बाजूला भांडवल 1,00,000 आणि कर्ज 3,40,000, दुसऱ्या बाजूला बँक 6,200 आणि तोटा 4,33,800. बँकेतले 6,200 कर्जापोटी घ्या आणि खाते बंद करा. उरलेले 3,33,800 तुम्ही दोघांनी कंपनीला लेखी माफ करा. तोटा 1,00,000 वर येतो आणि भांडवलाशी कटतो. आता जे शुल्क खिशातून भराल तेही आधी कर्जात आणि खर्चात घ्या, मगच माफ करा, नाहीतर पुस्तक जुळणार नाही. माफ झालेली रक्कम करपात्र ठरते का, हे सीएकडून लेखी घ्या.

हा शून्याचा ताळेबंद एसटीके-8 मध्ये सीएकडून प्रमाणित करून जोडायचा आणि तो अर्जाच्या तारखेआधी 30 दिवसांपेक्षा जुना चालत नाही. म्हणून क्रम पाळा: खाते बंद, मग एसटीके-8, मग लगेच अर्ज. सोबत विशेष ठराव, प्रत्येक डायरेक्टरचे एसटीके-3 हमीपत्र आणि एसटीके-4 प्रतिज्ञापत्र. हमीपत्राला 500 चा स्टॅम्प घ्या, विजयनगरला कोर्टाबाहेर नोटरी होते. डिजिटल सही संपलीय का तेही तपासा, दोघांचीही.

कृष्णाकाठ
एक भर. एओसी-4 वगैरे पुण्याच्या निबंधकांकडे जाते, पण एसटीके-2 मे 2023 पासून मानेसरच्या सी-पेसकडे (कंपन्या बंद करण्याचे केंद्रीय कार्यालय). पुण्याला चकरा मारून उपयोग नाही. त्रुटी निघाली तर दुरुस्तीला 15 दिवस मिळतात. कंपनीच्या नोंदणीतला ईमेल जुन्या कन्सल्टंटचा असेल तर तो आधी बदला. मेल त्यांच्याकडे जातो, 15 दिवस उलटतात आणि अर्ज फेटाळला की 10,000 पुन्हा भरावे लागतात.