साहेबांना अंधारात ठेवून नवी प्रणाली आणायची?

खतावणी
परवापासून एक पोस्ट फिरतेय: ‘साहेब नवं सॉफ्टवेअर घ्यायला तयार नसतील तर विचारत बसू नका. टीमने गुपचूप वापरायला लागा, निकाल समोर ठेवा, मग त्यांना नाही म्हणताच येणार नाही.’ खाली वाहवाच वाहवा. मला संताप आला, म्हणून सविस्तर लिहितेय.

गुपचूप म्हणजे काय, तर कुणाच्या तरी खासगी ईमेलवर फुकटातलं खातं उघडायचं आणि त्यात ग्राहकांची नावं, फोन, थकबाकी ओतायची. तो माणूस नोकरी सोडून गेला की पासवर्डही गेला. बॅकअप कुठे आहे, कुणालाच ठाऊक नाही. माहिती फुटली तर खुलासा मात्र साहेबांनी करायचा.

साहेबांच्या नकारामागे बहुतेक वेळा एकच प्रश्न असतो: हे ऐन महिनाअखेरीला बंद पडलं तर उत्तर कोण देणार? आणि आपण त्यांना फीचर्स दाखवत बसतो! लोक संगणक प्रणाली का स्वीकारतात याचे अभ्यासक फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलं होतं की नवी प्रणाली उपयोगी आणि सोपी वाटली तर माणूस ती स्वीकारतो. पण साहेबांना ती स्वतः वापरायचीच नसते, त्यांना फक्त मंजुरी द्यायची असते. त्यांच्यापुरतं उपयोगी म्हणजे त्यांच्या डोक्याचा ताप कमी होणं.

म्हणून त्यांना स्वतःला छळणारं एकच काम निवडा. थोडे दिवस जुनं आणि नवं समांतर चालवा, आकडे जुळवून दाखवा. आणि परतीचा रस्ता लेखी द्या: कधीपर्यंत, काय बिघडलं तर, जुन्यावर कसं यायचं, डेटा बाहेर कसा काढायचा.

रात्रपाळी
समांतर चालवायचं म्हणजे दुप्पट काम. ते कोण करणार, तुम्ही? आमच्याकडे एकच तक्रार तीन ठिकाणी चढवायची: रजिस्टर, शीट, मग ईमेल. लेखी प्रस्ताव दिला, प्रेझेंटेशन केलं. उत्तर काय, तर ‘बघू’. शेवटी पाळीतल्या मुलांनी आपापल्या फोनवर एक सामायिक यादी सुरू केली आणि तक्रारी हरवायच्या थांबल्या. नंतर साहेबांनीच ती वर दाखवली, स्वतःची कल्पना म्हणून. तुमचा परतीचा रस्ता बघायला त्यांना वेळ नव्हता.

शून्यएक
दोघंही मूळ रोग सोडून बोलताय. एक्सेल! जोवर ‘आपलं एक्सेल चालतंय की’ हे वाक्य आहे तोवर काहीही बदलत नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेत कोरोनाचे १५,८४१ रुग्ण दैनंदिन आकड्यांतून गळाले, कारण माहिती एक्सएलएस या एक्सेलच्या जुन्या फॉरमॅटच्या फाईलमध्ये भरली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ च्या पुढे ओळी मावत नाहीत. त्यांच्या संपर्कातल्या माणसांचा शोध लांबला. अजून कसला पुरावा हवा?

पक्का_हिशेब
एक्सेलला शिव्या देणाऱ्यांनी कधी ताळेबंद जुळवलाय का? ती मर्यादा जुन्या फॉरमॅटची होती. २००७ पासून एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात. नवं साधन हाताशी असताना जुनं फॉरमॅट चालू ठेवलं, तो दोष माणसांचा. आमच्याकडे मोठा गाजावाजा करून नवी प्रणाली आणली आणि आज सगळे तिच्यातून डेटा काढून एक्सेलमध्येच काम करतात.

शून्यएक
म्हणजे प्रणाली नीट बसवली नाही. त्यात एक्सेलचं कौतुक कसलं? सूत्र कुणी बदललं, कधी बदललं, शोधून दाखवा.

पक्का_हिशेब
दाखवतो. सेल लॉक करता येतात, बदलांची नोंद ठेवता येते. शिकायचं नसेल तर तसं सांगा.

रात्रपाळी
भांडताच आहात तर हेही ऐका. स्प्रेडशीट कार्यालयात आली कशी? १९७९ मध्ये ‘ॲपल टू’ या टेबलावरच्या छोट्या संगणकावर व्हिजिकॅल्क हे स्प्रेडशीटचं सॉफ्टवेअर आलं आणि कितीतरी खात्यांनी केंद्रीय संगणक विभागाची वाट न बघता ती यंत्रं स्वतः आणली. परवानगीची वाट बघत बसले असते तर पक्का_हिशेब आजही वहीत बेरजा करत असते.

खतावणी
त्या यंत्रातला डेटा टेबलावरच राहत होता. आज तो दुसऱ्याच्या सर्व्हरवर जातो. आणि घाईची किंमत हवी असेल तर नाइट कॅपिटल ही अमेरिकेतली शेअर व्यवहार करणारी कंपनी बघा. १ ऑगस्ट २०१२, नवा कोड आठपैकी सातच सर्व्हरवर चढला. साधारण ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलर गेले.

शून्यएक
ताई, उदाहरण अर्धंच सांगितलंत. त्या गोंधळात त्यांनी सात सर्व्हरवरचा नवा कोड काढून टाकला आणि नुकसान आणखी वाढलं. तुमचा लाडका परतीचा रस्ता!

खतावणी
बरं, कागदावरचा रस्ता पुरत नाही, तो आधी चालून बघायला हवा. एवढं मान्य. पण यातून ‘साहेबांपासून लपवा’ हे कसं सिद्ध होतं?

सहीवाला
मी तुमच्या त्या साहेबांपैकी एक. माझ्यासमोर डेमो येतो, त्यात सगळं चालतं. करार संपल्यावर डेटा परत कसा मिळेल, हे विचारलं की विक्रेता गप्प आणि माझी टीमही गप्प. कारखान्यांत वीज आली तेव्हा अनेकांनी वाफेचं इंजिन काढून त्या जागी एक मोठी मोटर बसवली. पट्टे, दांडे, यंत्रांची मांडणी सगळं तसंच. खरा फायदा दिसला तो १९२० च्या दशकात, प्रत्येक यंत्राला स्वतःची मोटर मिळाली आणि मांडणी बदलली तेव्हा. तुम्ही माझ्याकडे मोटर मागता. कामातल्या कोणत्या पायऱ्या जातील, हे आजवर एकानेही लिहून दिलेलं नाही.

रात्रपाळी
मी दिलं होतं! तीन नोंदींऐवजी एक. अजून काय लिहायचं? तुमच्यासारखे ‘बघू’ म्हणून महिने काढतात, तेवढ्यात काम करणारी मुलं सोडून जातात.

सहीवाला
‘बघू’वर कुणाचा विश्वास राहिला नाही, हे ऐकून घेतो. उत्तराची तारीख द्यायला हवी. पण खासगी फोनवरची यादी मला उद्या कळली तर मी ती बंदच करणार.

रात्रपाळी
करा बंद, पण त्याच दिवशी पर्याय द्या. मी पुन्हा लेखी देतो: एक काम, कमी होणाऱ्या पायऱ्या, चालून बघितलेला परतीचा रस्ता. खाली उत्तराची तारीख मी टाकणार. ती उलटली तर यादी पुन्हा सुरू.

खतावणी
ग्राहकांचे नंबर त्यात नकोत.

रात्रपाळी
नंबर नाही टाकणार. बाकी माझं मत तेच आहे.