स्मरणचित्रात डोळे कपाळावर! आठवीच्या मुलांना सूझा दाखवावा का?

खडूफळा (धागाकर्ता)
ठाण्यात कोलबाडला घराच्याच पुढच्या खोलीत मी एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या सरकारी चित्रकला परीक्षांचा क्लास घेतो. गेल्या रविवारी वस्तुचित्र लवकर आटोपलं. बाहेर पाऊस ओतत होता, न्यायला कोणी आलेलं नव्हतं, म्हणून लिलावाच्या एका जुन्या कॅटलॉगमधली एफ. एन. सूझा या चित्रकाराची तीन चित्रं मुलांना दाखवली. फक्त डोकी होती, नग्न चित्रं नव्हती, हे आधीच सांगून ठेवतो. डोळे भुवया सोडून पार केसांपाशी गेलेले, नाक म्हणजे नळी, दात कंगव्यासारखे, गालावर काटेरी तारेसारख्या आडव्याउभ्या रेघा. मुलं आधी खिदळली. मग एकीने विचारलं, "सर, हा रागावलाय की घाबरलाय?" झालं, पुढची पंधरा मिनिटं कोणी मोबाइल मागितला नाही.

बुधवारी 'बसथांबा' हा स्मरणचित्राचा (आठवणीतून काढायच्या चित्राचा) विषय दिला. एका मुलाने सगळी माणसं शिकवल्याप्रमाणे साडेसात डोक्यांच्या मापात बसवली, फक्त बाकावरच्या आजोबांचे डोळे कपाळावर. रात्री पालकांच्या ग्रुपवर नुसता गदारोळ.

माझं म्हणणं साधं आहे. दोन वर्षं क्लास केलेली मुलं माणूस बघतच नाहीत, मांडतात. पदरवाली बाई, टोपलीवाला, छत्रीवाला, मागे नारळाचं झाड. विषय भाजीबाजार असो की जत्रा, माणसं तीच. चेहरा वाकडा काढायलाही कारण लागतं, हे त्यांना एकदा तरी दिसायला हवं. तुम्हाला काय वाटतं?

पोखरणरोडचा_बाबा
त्या मुलाचा बाप मीच, त्यामुळे तोंडावरच बोलतो. इंटरमीजिएटला ए ग्रेड मिळाली तर दहावीला सात गुण, बी ला पाच, सी ला तीन. आम्ही फी त्यासाठी भरतो, सर. परीक्षक काही "वा, अभिव्यक्ती!" म्हणून गुण देणार नाही. आणि चित्रावर लाल गोल करून शेजारी 'प्रमाण!' लिहिणारेही तुम्हीच. मग मुलाने ऐकायचं कोणाचं, तुमचं की कॅटलॉगचं?

दुसरं म्हणजे आदर्श तरी कोणाचा ठेवताय? मी वाचलंय थोडं. शौचालयाच्या भिंतीवर घाणेरडी चित्रं काढली म्हणून शाळेने काढलं. मग जेजेनेही, म्हणजे मुंबईच्या जे. जे. कला महाविद्यालयानेही काढलं.

जुना_जेजे
बाबा, अर्धं वाचलंत. शाळेचं खरं. पण जेजेतून १९४५ मध्ये काढलं ते चले जाव चळवळीत भाग घेतला म्हणून. ती हकालपट्टी तरी छातीवर बिल्ल्यासारखी लावावी अशी आहे. दोनच वर्षांनी, १९४७ ला, प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप हा नव्या कलावंतांचा गट उभा केला तो त्यानेच. सोबत रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे. (यातले गाडे आणि बाकरे आपल्या मराठी धाग्यांवरही कोणाला आठवत नाहीत. बाकरे लंडनहून परतले ते थेट कोकणात, मुरुडला जाऊन राहिले.)

तरीही सर, या वादात मी तुमच्या बाजूचा नाही. सूझाच्या हातात जेजेचं ड्रॉइंग होतं, म्हणून मोडायला काहीतरी होतं. 'मिस्टर सेबॅस्टियन' बघा, १९५५ चं. संत सेबॅस्टियन या ख्रिस्ती हुतात्म्यावर बाण सोडले होते, तर याने सूट आणि टाय घातलेल्या गृहस्थाच्या चेहऱ्यात आणि मानेत बाण खुपसलेत. त्यातली एकेक रेघ ठाम आहे, कुठेही गिरवलेली नाही. तेरा वर्षांचं पोर त्यातून काय उचलणार? फक्त लकब. डोळे वर, दात बाहेर, संपला सूझा. जेजेत आमच्या वर्गात असे पाच 'सूझा' होते. आज त्यातले चार जण जाहिरातीत आहेत, पाचवा मी.

खडूफळा
लकब उचलेल, कबूल. पण नारळाचं झाड हीसुद्धा लकबच आहे की! ती कोणाची, तेवढंच माहीत नाही.

मासुंद्याकाठी
आमचं घर सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चच्या मागच्या बाजूला. लहानपणापासून क्रूसावरचा येशू म्हणजे गोरा, शांत, डोळे मिटलेला, जखमासुद्धा स्वच्छ. लंडनच्या टेट गॅलरीत सूझाचं १९५९ चं 'क्रूसिफिक्शन' आहे. त्यातला येशू काळा, काटेरी, दात विचकलेला. फोटो पहिल्यांदा पाहिला तेव्हा अंगावर काटा आला आणि खरं सांगायचं तर रागही आला. पुढे वडील गेले. शेवटचे दोन दिवस त्यांना श्वासासाठी ओढाताण करताना पाहिलं, तेव्हा त्या चित्राची आठवण झाली. चर्चमधल्या मूर्तीची नाही झाली.

हा माणूस गोव्यात साळगावला जन्मला, १९२४ मध्ये. काही महिन्यांचा असताना बाप गेला. पुढे देवी आल्या, त्यातून वाचला म्हणून आईने नवस फेडायला नावात फ्रान्सिस जोडलं, सेंट फ्रान्सिस झेवियरचं. तोंडावर देवीचे व्रण घेऊन वाढलेला मुलगा चेहरे गुळगुळीत कसे काढेल?

कळव्याची_ताई
व्रण, नवस, बंडखोरी, छान चाललंय. आता जरा बायकांकडेही वळूया.

आईने शिवणकाम करून वाढवला. १९४९ मध्ये हा लंडनला गेला, तिथली पहिली काही वर्षं घर चाललं ते मारियाच्या, म्हणजे बायकोच्या, कमाईवर. म्हणजे एका बाईने शिकवला, दुसरीने पोसला, आणि कॅनव्हासवर बाई आली की काय? पाय फाकवलेली, स्तन फळांसारखे टांगलेले, चेहऱ्यावर ओरखडे. नग्नतेला माझी हरकत नाही. खजुराहो बघून आलेय, मुलीला घेऊन. तिथल्या बाईला स्वतःची मजा आहे. सूझाच्या बाईकडे मी पाहते तेव्हा मला फक्त बघणाऱ्याचा राग दिसतो. 'अभिव्यक्तीवादी', म्हणजे भावनेसाठी रूप वाकवणारा, म्हटलं की हा राग आपोआप थोर कसा होतो, एवढं कोणीतरी समजावा.

जुना_जेजे
ताई, त्याचे पुरुष कुठे सुटलेत? पोप, पाद्री, शेअरवाले, सगळ्यांना त्याच कुंचल्याने सोललंय.

कळव्याची_ताई
कपडे घालून सोललंय. फरक आहे.

एरोली_सेक्टर_८
एवढा वाद कशाला? सूझाचं 'बर्थ' नावाचं चित्र २०१५ ला न्यूयॉर्कमध्ये ४० लाख डॉलरच्या वर गेलं. बाजाराने निकाल दिलाय.

मासुंद्याकाठी
बाजाराने निकाल द्यायचा तर ऐरोलीचा टू बीएचकेही कलाकृती ठरेल. चित्रकार २००२ मध्ये गेला, तेव्हा हे भाव कुठे होते?

खडूफळा
भावाचा विषय निघालाच आहे तर त्याची कारकीर्द एका रेषेत चढत गेली नाही, हेही सांगतो. लंडनमध्ये सुरुवातीला कोणी विचारत नव्हतं. १९५५ मध्ये स्टीफन स्पेंडर या कवीने त्याचा आत्मकथनपर लेख 'एन्काउंटर' मासिकात छापला, त्याच वर्षी गॅलरी वनमधलं प्रदर्शन विकलं गेलं, आणि दहाएक वर्षं चांगली गेली. मध्यंतरी हॅरॉल्ड कोव्हनर नावाचा एक अमेरिकन नेमाने चित्रं घ्यायचा. १९६० च्या दशकात त्याने काळ्यावर काळं रंगवलेली चित्रं केली. समोरून बघाल तर काहीच नाही, बाजूला सरकून प्रकाश पकडावा लागतो, मग जाड रंगाच्या कडा चमकतात आणि चेहरा उमटतो. १९६७ मध्ये न्यूयॉर्क गाठलं आणि लंडनला त्याचा विसर पडला. न्यूयॉर्कमध्ये मासिकांची छापील पानं रसायनाने पुसून त्यावर चित्रं काढत बसला. थेट २०१८ मध्ये टेट ब्रिटनने बेकन, फ्रॉइड या नामवंत चित्रकारांच्या प्रदर्शनात त्याला जागा दिली.

ताईंचा मुद्दा मला खोडता येत नाही. म्हणूनच डोकी दाखवली, बाकीची पानं क्लिप लावून बंद ठेवली होती.

पोखरणरोडचा_बाबा
म्हणजे तुम्हीही सेन्सॉर करताच! मग कस्टम्सवाल्यांनी सूझाची चित्रं अश्लील म्हणून जप्त केली, तेव्हा लोक त्यांना का हसले?

जुना_जेजे
कारण सरांनी मुलांपुरती क्लिप लावली, त्यांनी मोठ्यांसाठी कुलूप लावलं. ब्रिटनमधून विकत आणलेल्या सात कलाकृती होत्या, चार सूझाच्या, तीन चित्रकार अकबर पदमसींच्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने जप्तीचा आदेश रद्द केला आणि प्रत्येक नग्न चित्र अश्लील नसतं हेही सुनावलं. गंमत अशी की, पदमसींना याच शहरात १९५४ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरीतली चित्रं उतरवायला नकार दिला म्हणून अटक झाली होती. खटला ते जिंकले. सत्तर वर्षांनी पुन्हा तोच पाढा.

पोखरणरोडचा_बाबा
बरं, आता एक ऐका. हे सगळं वाचून मी पोराला जेवताना विचारलं, डोळे कपाळावर का काढलेस? सूझा बघून?

तो म्हणाला, "नाही, ते आबा आहेत."

चित्र परत काढून बघितलं. माझ्या वडिलांचा चष्मा कायम कपाळावर सरकवलेला असतो, आणि तसाच ठेवून ते घरभर चष्मा शोधत फिरतात. पोराने कपाळावर चष्मा काढलाय आणि डोळे काचांच्या आत. खाली, जिथे डोळे हवेत, तिथे मिटलेल्या पापण्यांच्या दोन बारीक रेघा आहेत. सरांच्या लाल गोलाखाली त्या दिसतच नव्हत्या. म्हणजे तुमच्या त्या सूझाचा इथे काडीचा संबंध नाही. वाद मी जिंकलो.

जुना_जेजे
किंवा रविवारी सूझा दिसला म्हणून बुधवारी आबा दिसले. सिद्ध करता येणार नाही, पण माझं मत अर्धं बदललं.

कळव्याची_ताई
माझं नाही. पण मुलाला शाबासकी. आणि परीक्षेत मात्र चष्मा नाकावर काढ म्हणावं.

खडूफळा
बाबा, चूक माझी. तपासायला बावीस चित्रं होती, मीही मापंच बघत होतो. रविवारी चित्र त्याच्यासोबत पाठवा, तो लाल गोल खोडून देतो.

पोखरणरोडचा_बाबा
चित्र मिळणार नाही. आबांनी ते कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. फी मात्र पुढच्या एकाच महिन्याची भरतोय, वर्षाची नाही.