खरेदीदाराची गुणवत्ता तपासणी तीन आठवड्यांवर, शेडवर काय तयार ठेवायचं?

मेंढवाडा_जत

जत तालुक्यात बंदिस्त शेड आहे. 120 माडग्याळ मेंढ्या, 6 नर, तीन ते सहा महिन्यांची सत्तरेक कोकरं. मांस निर्यात करणारा एक खरेदीदार नर कोकरं थेट शेडवरून उचलायला तयार आहे, पण त्याआधी त्यांचा माणूस तपासणीला येणार. पत्रात "ओळख, औषधं, खाद्य, आरोग्य, स्वच्छता" एवढंच लिहिलंय. शेड बऱ्यापैकी साफ असतं, पीपीआर (शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग) आणि आंत्रविषाराच्या लसी झाल्यात, नोंदी मात्र तुटक आहेत. शेवटचं जंतनाशक (अल्बेंडाझोल) दीड महिन्यापूर्वी सगळ्यांना पाजलंय. सुरुवात कुठून करू? आणि त्याआधी सगळा कळप एकदा गोचीडनाशकाने धुऊन काढावा का?

गुरांचा_डॉक्टर

सुरुवात औषधाच्या कपाटापासून करा, झाडूपासून नको. शेड एका दिवसात साफ होतं. औषधाचा हिशेब एका दिवसात जमत नाही, आणि तपासणारा नेमका तोच काढतो.

त्याची पद्धत साधी असते. मेंढीच्या कानातला एक बिल्ला वाचतो, नोंदवहीत ती मेंढी शोधतो, तिला दिलेलं औषध बघतो, मग त्या औषधाचं बिल आणि उरलेली बाटली मागतो. ही साखळी कुठे तुटते ते पाहतो. तुमच्याच अल्बेंडाझोलचं घ्या. 2.5 टक्क्यांचं असेल आणि मात्रा किलोला 7.5 मि.ग्रॅ. धरली, तर 30 किलोच्या मेंढीला 9 मि.ली. लागतं. 120 मेंढ्यांना 1,080 मि.ली. आता बिल एका लिटरचं आणि कपाटात अर्धी बाटली शिल्लक, म्हणजे एकतर सगळ्यांना पाजलं नाही किंवा मात्रा निम्मी दिली. निम्म्या मात्रेने जंत मरत नाहीत, औषधाला सरावतात. वजनाचा अंदाज नेहमी कमी होतो, म्हणून काटा हवाच. मात्रा कळपाच्या सरासरीवर नको, गटातल्या सर्वात जड मेंढीवर काढा. गाभण राहिल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात अल्बेंडाझोल टाळतात, त्यामुळे नर कधी सोडला ती तारीखही वहीत लागते.

औषधाच्या वहीत तारीख, बिल्ला क्रमांक, वजन, कारण, औषधाचं नाव, बॅच, मात्रा, तोंडाने की टोचून, कोणी दिलं, आणि शेवटी "विक्रीला मोकळी कधी" हा रकाना. खरेदीदाराचा जीव त्या शेवटच्या रकान्यात असतो. बाटलीवर मांसासाठी विथड्रॉवलचे दिवस (औषध दिल्यापासून जनावर मांसाला विकण्याआधी थांबायचे दिवस) छापलेले असतील तर तेच धरा. नसतील तर औषध नियमांत 2012 पासून मांसासाठी किमान 28 दिवस धरायची तरतूद आहे. म्हणजे 5 जूनला औषध दिलेलं कोकरू 3 जुलैच्या आधी गाडीत चढवायचं नाही.

गोचीड दिसत नसतील तर कळप धुऊ नका. त्या औषधालाही विथड्रॉवल लागतो, आणि विक्रीच्या तोंडावर सत्तर कोकरं उगाच अडकतील. गोचीड असतील तर आजच धुवा आणि नोंद करा.

कपाटातून डायक्लोफिनॅक (जनावरांसाठी 2006 पासून बंद), किटोप्रोफेन आणि असिक्लोफिनॅक (2023 पासून बंद) आधी बाहेर काढा. दुखणं-तापाला मेलोक्सिकॅम आहे. क्लोरॅम्फेनिकॉल किंवा नायट्रोफ्युरान गटातलं काही (मांसाच्या जनावरांना बंद असलेली अँटिबायोटिकं) सापडलं तर तपासणी तिथेच संपली समजा. माणसांच्या मेडिकलमधून आणलेल्या गोळ्याही कपाटात नकोत. प्रत्येक अँटिबायोटिकला पशुवैद्याची चिठ्ठी जोडलेली असावी.

गव्हाण_आणि_कडबा

डॉक्टरसाहेबांनी औषधाचं सांगितलं, मी खाद्याचं सांगतो. दादा, शेडात गाईंच्या मिनरल मिक्श्चरचं पोतं असेल तर ते हलवा. लपवायचं म्हणून नव्हे, ते मेंढीला द्यायचंच नसतं. गाईच्या मिश्रणात तांबं जास्त असतं. मेंढीच्या यकृतात ते महिनोन्‌महिने साठतं आणि एखाद्या ताणात एकदम रक्तात उतरतं. मग कावीळ, तांबडी लघवी आणि दोन-तीन दिवसांत मेंढी गेली. याच कारणाने खुरांच्या हौदात मोरचूद (तेही तांब्याचंच) नको, मेंढ्या त्यातलं पाणी पितात. झिंक सल्फेट घ्या, 100 लिटर पाण्यात 10 किलो, खूर बुडेल इतकं खोल. आधी खुरं साफ करून छाटलेली हवीत, नाहीतर औषध चिखलालाच लागतं.

पेंड आणि मक्याचा भरडा जमिनीवर नको. लाकडी फळ्यांवर ठेवा, भिंतीपासून फूटभर लांब. शेंगदाणा पेंडीला ओल लागली की बुरशी, आणि बुरशीतून अफलाटॉक्सिन नावाचं विष. पोतं उघडून हात आत खुपसा, गरम किंवा ढेकळं लागली तर ते पोतं बाद. प्रत्येक पोत्याचं बिल आणि उघडल्याची तारीख ठेवा.

जागेचं गणित विचारतात. मोठ्या मेंढीला छपराखाली 10 ते 12 चौरस फूट, मोकळ्या आवारात त्याच्या दुप्पट, कोकराला 4 ते 5. गव्हाणीला मेंढीमागे सव्वा फूट धरलं तर 120 मेंढ्यांना 150 फूट, दोन्ही बाजूंनी खात असतील तर 75 फुटांची गव्हाण पुरते. कमी पडली की दुबळ्या मेंढ्या मागे राहतात, आणि तपासणाऱ्याला त्या लगेच दिसतात.

वासाचं एक बघा. उभं राहून कळत नाही. मेंढीच्या नाकाच्या उंचीला उकिडवं बसा. दोन मिनिटांत डोळे चुरचुरले तर लेंडी-मुताचा अमोनिया साठलाय. खालचं बिछायत काढा आणि वारा येण्याच्या बाजूचे पडदे वर करा.

मेंढवाडा_जत

धन्यवाद दोघांना. मागच्या वर्षभराच्या नोंदी बिलांवरून आता एका बैठकीत लिहून काढल्या तर चालेल ना? आणि शेडच्या दारात बूट बुडवायला पोटॅशचं (पोटॅशियम परमँगनेटचं) पाणी ठेवलंय, तेवढं पुरतं का?

गुरांचा_डॉक्टर

एका बैठकीत लिहिलेली वही ओळखू येते. एकच पेन, एकच अक्षर, कुठे पाणी सांडलेलं नाही. त्यापेक्षा पहिल्याच पानावर लिहा, "अमुक तारखेपासून नोंदी नियमित, त्याआधीच्या नोंदी बिलांच्या आणि लसीकरण कार्डांच्या आधारे", आणि खाली सही करा. जुनी नोंद अपुरी असणं ही त्रुटी असते, सुधारायला मुदत मिळते. खोटी नोंद सापडली तर पुढचं काही कोणी वाचत नाही.

पीपीआरच्या नोंदीत एक मेख आहे. बहुतेक वेळा 100 मात्रांची कुपी असते, पातळ केल्यावर दोन तासांत संपवायची, उरलेली नष्ट करायची. तुमच्या 126 मोठ्या जनावरांना दोन कुप्या लागल्या असणार, तर दोन्हींचे बॅच क्रमांक लिहा. फ्रिज 2 ते 8 अंशांत, लस दारातल्या कप्प्यात नको, आणि आत थर्मामीटर हवा. तीन महिने ओलांडलेल्या कोकरांना पीपीआर झालीय का तेही बघा, बहुतेक ठिकाणी तीच राहून गेलेली असतात.

टोचायचं ते मानेच्या भागात, मांडीत कधीच नको. मांडीत गाठ झाली तर कत्तलखान्यात महागडं मांस कापून फेकावं लागतं. सुई वाकली की फेका, दर दहा जनावरांमागे बदला. सुई मोडून आत राहिली तर त्या मेंढीला खूण करून वहीत लिहाच.

पडवी

दाराच्या पाण्याबद्दल. शेणामातीचे बूट त्यात बुडवले की पोटॅशचं काम संपतं, रंग तपकिरी झाला की ओळखायचं. दारात आधी ब्रश आणि साध्या पाण्याची बादली, मग औषधाचं पाणी, ते रोज बदललेलं. धुण्याचा सोडा 100 लिटरला 4 किलो घेतला तर लाळ्या-खुरकूतच्या विषाणूवर चालतो आणि स्वस्तही पडतो. येणाऱ्याची वही दारातच टांगा, खाद्याच्या टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा त्यात आला पाहिजे.

या तीन आठवड्यांत बाजारातून एकही जनावर आणू नका. आणलंच तर मुख्य कळपापासून लांब, वेगळ्या गव्हाणीवर 30 दिवस, आणि त्याचं पाणी-खाद्य शेवटी, तेच बूट घालून परत कळपात जायचं नाही.

मेलेल्या जनावराचं काय करता हे नक्की विचारतील. विहीर-ओढ्यापासून लांब सहा फुटी खड्डा, वर चुना, आणि मृत्यूच्या नोंदीत बिल्ल्याचा बारा अंकी क्रमांक. बिल्ले आजच मोजा. कान फाटून पडलेले पाच-सहा निघतातच, आणि नवा लावला की जुना क्रमांक वहीत खोडायचा नसतो, शेजारी नवा लिहायचा असतो.