लॉबीतल्या फोटोखाली १८९० कोणी लिहायला सांगितलं?

ए-३०१ काकाजी: सेक्रेटरी साहेब, फ्रेमचा नमुना आताच पाहिला. खाली "इतवारी बाजार, नागपूर, इ.स. १८९०" काहून लिहिलं? मीटिंगमध्ये ठरलं होतं ना की आधी वर्ष नक्की करू मग छापू. हे साफ चुकीचं आहे.

सेक्रेटरी: नमस्कार काकाजी. फॉरवर्डमध्ये तेच वर्ष होतं म्हणून टाकलं. फोटो पिवळा पडलेला आहे, जुनाच असणार.

सी-४०४: फ्रेमचा खर्च मेंटेनन्समधून घेऊ नये ही नम्र विनंती 🙏

ए-३०१ काकाजी: पिवळा रंग मोबाईलवर दोन सेकंदात चढवता येतो साहेब. फोटो मोठा करून पहा, डावीकडच्या माणसांच्या डोक्यावर गांधी टोपी आहे. १८९० ला गांधीजी स्वतः लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करून राहिले होते!! ती टोपी लोकांच्या डोक्यावर आली १९२० च्या आसपास, आपल्याच नागपुरात काँग्रेसचं अधिवेशन भरलं त्या काळात.

बी-१०२: पण काकाजी गर्दी पहा ना, मारबतीच्या मिरवणुकीची वाटते. काळी मारबत तर १८८१ पासून निघते, म्हणजे १८९० बसते.

बी-२०५ काकू: मारबत नाही ती. माझं माहेर जागनाथ बुधवारीचं आहे, मला नका सांगू. बडग्यांचे पुतळे कुठे दिसून राहिले यात? बाया पिशव्या घेऊन निवांत चालल्या, मारबतीच्या दिवशी तिथे पाय ठेवायला जागा नसते.

डी-१०१: बडग्यावरून आठवलं, माझ्या पार्किंगमध्ये जी पांढरी गाडी उभी राहते तिचा पण बडग्या काढा यंदा 😄

बी-३०३: तुमच्याकडे पाहुणे येतात तेव्हा त्यांच्या गाड्या कोणाच्या जागेवर लागतात ते पण लिहा भाऊ. आम्ही कधी बोललो का?

सेक्रेटरी: कृपया विषयावर बोला.

ए-४०२ ताई: मला तर हा फोटो नागपूरचा वाटतच नाही. मागे दुकानावर "मध्यप्रदेश शासन" अशी पाटी आहे. जबलपूर असेल.

ए-३०१ काकाजी: अहो ताई, ऑक्टोबर १९५६ पर्यंत नागपूर हीच मध्यप्रदेशची राजधानी होती. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात गेलो आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलो. हे आपल्याच लोकांना माहीत नसावं याचं फार वाईट वाटते.

ए-४०२ ताई: माहीत आहे काकाजी, रागावता कशाला. मग ५६ च्या आधीचा झाला ना. १९५० लिहून टाका.

सी-४०४: फ्रेमचा खर्च मेंटेनन्समधून घेऊ नये. कोणी उत्तर देऊन नाही राहिलं.

ए-३०१ काकाजी: तिथेच माणूस फसतो ताई. रंगवलेली पाटी सरकार बदललं तरी वर्षानुवर्षं तशीच लटकते, कोणी उतरवत नाही. भाव मात्र रोज पुसून खडूने लिहावा लागतो, म्हणून वर्ष ठरवायचं ते खडूच्या अक्षरावरून. दारातल्या काळ्या पाटीवर ज्वारीचा भाव आहे, "शेर" पण आहे आणि पुढे "न.पै." आहे. नवे पैसे आले १ एप्रिल १९५७ ला, त्याआधी आणे होते. किलो ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आला आणि एप्रिल १९६२ ला सक्तीचा झाला. नवे पैसे आणि जुना शेर एकाच पाटीवर, म्हणजे मधली ही चार-पाच वर्षं.

बी-१०२: आमची आजी शेवटपर्यंत शेर-पायलीच म्हणायची. सक्ती झाली तरी कोणी लगेच ऐकते का?

ए-३०१ काकाजी: बरोबर आहे, म्हणून "सुमारे" लिहू. पण "नवे" हा शब्दही जून १९६४ ला सरकारने काढला, तेव्हा फार पुढे नाही जाता येत.

बी-२०५ काकू: उजव्या कोपऱ्यातल्या हातगाडीवर काय आहे पाहिलं का कोणी? लाकडी नंदी आहेत, चाकं लावलेले. तान्ह्या पोळ्याला लेकरं हेच नंदी मिरवतात, त्याच्या आधीचे दिवस आहेत हे. जबलपूर म्हणे!

ए-३०१ काकाजी: काकू, हे फार मोलाचं सापडलं तुम्हाला! म्हणजे महिनाही मिळाला, ऑगस्ट-सप्टेंबर. पहिला पोळा १९५७ चा, शेवटचा १९६१ चा. आता तरी पटलं का? लॉबीतून रोज लेकरं जातील, खाली जे लिहू तेच त्यांच्या डोक्यात बसेल आणि तेच पुढे फॉरवर्ड होईल.

सेक्रेटरी: ठीक आहे, बदलतो. सी-४०४, खर्च गणेशोत्सवाच्या शिल्लकीतून आहे.

सी-४०४: ती शिल्लक पण आमच्याच वर्गणीची ना?

सेक्रेटरी: हिशेब नोटीस बोर्डवर लावला आहे. नवी ओळ अशी: "इतवारी बाजार, नागपूर. तान्ह्या पोळ्याचे दिवस, सुमारे १९५७ ते १९६१." चालेल?

बी-२०५ काकू: चालेल.

ए-३०१ काकाजी: चालेल. "सुमारे" काढू नका, आणि छापायच्या आधी प्रूफ ग्रुपवर टाका.