टोकियो: लेकीसाठी जपानी शाळा, इंडियन स्कूल की इंटरनॅशनल? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

आम्ही साडेतीन वर्षं झाली टोकियोत आहोत, निशी-कासाईला. लेकीला ऑगस्टमध्ये सहा पूर्ण झाली, म्हणजे येत्या एप्रिलला तिची पहिली (इथे 2 एप्रिल ते पुढच्या 1 एप्रिलपर्यंत जन्मलेली मुलं एका वर्गात असतात). शाळा कुठली यावर घरात रोज बोलणं होतं आणि रोज तिथेच येऊन थांबतं, म्हणून इथे विचारतेय.

नवऱ्याचं काम अजून तीन वर्षं तरी नक्की आहे, पुढचं माहीत नाही, पण सासू-सासरे पुण्यात एकटे आहेत त्यामुळे कधीतरी परत जायचंय हे ठरलेलं. लेक अडीच वर्षांची असल्यापासून इथल्या होइकुएनमध्ये, म्हणजे पाळणाघरात जाते. जपानी अगदी इथल्या मुलांसारखं बोलते, खेळताना स्वतःशी बोलते तेही जपानीतच. परवा व्हिडिओ कॉलवर आजीला म्हणाली, "आजी, चोत्तो मत्ते, बाहुली झोपलीय." सासूबाई मला विचारतात, काय म्हणाली गं ती? थांब म्हणाली, एवढंच होतं, पण मला एकदम भरून आलं.

इंटरनॅशनलचं आधी सांगते. मोठ्या, नावाजलेल्या शाळांची फी वर्षाला 25 लाख येनच्या वर जाते, प्रवेश फी आणि बस वेगळी, आणि आम्ही लोकल पेरोलवर असल्यामुळे कंपनी काही देत नाही. मग घराजवळची एक छोटी शाळा बघितली, अर्जाचे पैसे भरले (ते परत मिळत नाहीत) आणि नंतर मान्यतेबद्दल विचारलं तर धड उत्तरच नाही. तेव्हा कळलं की जपानमध्ये इंटरनॅशनल स्कूल या नावाला कायद्यात व्याख्याच नाही, त्यामुळे शाळेला वॉस्क, सीआयएस किंवा आयबी अशा शाळा तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची मान्यता आहे का हे आपणच आधी विचारायला हवं. कुणी नवीन येणार असेल तर कृपा करून अर्ज भरायच्या आधी विचारा.

इंडियन स्कूल हा सगळ्यात सरळ रस्ता वाटतो. कोतो वॉर्डातली 2004 पासूनची आहे, आमच्या बाजूला दुसरी आहे, सीबीएसई, सत्र एप्रिललाच सुरू, फी त्या मोठ्या शाळांच्या निम्म्याहून कमी, परत गेल्यावर अभ्यासक्रम तोच. गणित-इंग्लिशसाठी जपानी आईवडीलही मुलांना तिथे घालतात. पण जपानी तिथे एका विषयापुरतं राहणार आणि तिचं हे जपानी दोन वर्षांत जाईल अशी भीती वाटते. एवढ्या सहज आलेली भाषा आपणच घालवायची, हे मनाला पटत नाही.

आणि जपानी सरकारी शाळा. परदेशी मुलांना सक्ती नाही पण वॉर्ड ऑफिसात अर्ज केला की प्रवेश मिळतो, फी नाही. शाळा सहा मिनिटांवर, तिच्या होइकुएनमधल्या चार मैत्रिणी तिथेच चालल्यात, एकीच्या आजीने रान्दोसेरू (ते पाठीवरचं कडक दप्तर) आत्ताच घेऊन ठेवलंय, आमची रोज त्याच्या रंगाबद्दल बोलते. अडचण माझी आहे. पहिलीत 80 कांजी (जपानीत वापरतात ती चिनी अक्षरं), दुसरीत 160, तिसरीत 200, सहावीपर्यंत 1026, आणि मी अजून एन-4 ला (जपानीच्या परीक्षेची खालून दुसरी पातळी). होइकुएनच्या एका चिठ्ठीत दुधाचे रिकामे खोके धुऊन पाठवा असं होतं, मला ट्रान्सलेटरवर ते नीट कळलंच नाही. त्या दिवशी सगळ्यांनी खोक्यांच्या गाड्या केल्या आणि ही दुसऱ्या मुलीच्या गाडीला चिकटपट्टी लावत बसली होती. घरी येऊन काही बोलली नाही, मला फोटोत दिसलं. शाळेत तर रोज अशा चिठ्ठ्या येणार. शिवाय आम्ही शाकाहारी, शाळेच्या जेवणात मासे-मांस असतंच, तर डबा द्यायला परवानगी मिळते का?

परत गेलो तर मराठीही लागणारच, 2020 च्या कायद्याने महाराष्ट्रात सगळ्या बोर्डांच्या शाळांत मराठी सक्तीचं आहे, सीबीएसई असली तरी. शनिवारी मी बाराखडी घेते, आत्ता 'कि की' वर आहोत, पण जपानी शाळेचा गृहपाठ सुरू झाल्यावर हे कितपत टिकेल?

म्हणून ज्यांनी मुलांना जपानी शाळेत घालून तिसरी-चौथीत पुण्या-मुंबईला परत नेलंय त्यांच्याकडून ऐकायचंय, मुलांना हिंदी-मराठी लिहायला किती महिने लागले, प्रवेशाला दाखला चालला का, आणि मुलं खचली का? आणि इंडियन स्कूलमध्ये घालून जपानी टिकवलं असं कुणी आहे का, टिकवलं तर कसं, शिकवणी लावून की नुसतं खेळायला पाठवून?

आमच्याकडे नवरा इंडियन स्कूल म्हणतो, मी जपानीकडे झुकलेय, निदान तिसरीपर्यंत. पहिलीत जाणाऱ्या मुलांची वॉर्डाची आरोग्य तपासणी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये असते, त्याआधी अर्ज द्यायचाय. ज्यांचा अनुभव वाईट आहे त्यांनीही मोकळेपणी लिहा, मला तोच जास्त उपयोगी पडेल.