मदत हवी आहे: गोल्फचा आयर्न जमतो, ड्रायव्हर ऐकत नाही

नमस्कार मंडळी. मी बडोद्याचा, दांडिया बाजारातला, वय 52. वर्षभर लक्ष्मी विलास पॅलेसच्या आवारातल्या कोर्सवर गोल्फ शिकतोय. (बायको म्हणते, दूध आणायला कधी एवढ्या पहाटे उठला नाहीत!)

सात नंबरच्या आयर्नने (धातूच्या पात्याचा क्लब, म्हणजे गोल्फची काठी) दहातले पाच-सहा चेंडू सरळ जातात. बाकीच्या वेळी क्लब चेंडूच्या चार बोटं मागेच जमिनीत घुसतो. ढेकूळ उडतं, चेंडू जेमतेम घरंगळतो. ड्रायव्हर (सर्वांत लांब फटक्याचा क्लब) घेतला की चेंडू डावीकडे निघून केळ्यासारखा उजवीकडे वळतो. मी उजव्या हाताने खेळतो, म्हणजे स्विंग बाहेरून आत येतोय आणि त्या मार्गाच्या मानाने फेस (क्लबची चेंडूला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे वळलेला राहतोय. एवढं डोक्यात शिरलं, हातात उतरत नाही.

चेंडूमागे वीतभर अंतरावर टॉवेल घालून सराव केला, त्याने आयर्न थोडा सुधारला. आता ड्रायव्हरसाठी आधी ग्रिप (क्लबची पकड) बदलू की टेम्पो (स्विंगची लय)? दोन्ही एकदम धरलं की आयर्नही बिघडतो. आणि मोबाइलवर व्हिडिओ समोरून काढायचा की मागून, लक्ष्याच्या रेषेत? ज्यांचा असा स्लाइस (चेंडू उजवीकडे वळण्याचा दोष) गेलाय, त्यांनी नेमकं काय केलं ते सांगा. ‘सराव वाढवा’ सोडून काहीही चालेल.