मदत हवी आहे: बायोसिमिलरमधून अँटीबॉडी इंजिनिअरिंगकडे कसं वळू?

नमस्कार मंडळी,

मी एमएस्सी बायोटेक, पुण्याजवळच्या एका बायोसिमिलर (मूळ जैविक औषधांशी मिळतीजुळती औषधं) बनवणाऱ्या कंपनीत डाउनस्ट्रीमला आहे. म्हणजे सीएचओ पेशींनी (हॅमस्टरच्या पेशी) बनवलेली अँटीबॉडी, म्हणजे औषधाचं प्रथिन, प्रोटीन-ए कॉलमवर पकडायची, आम्लधर्मी बफरने सोडवायची आणि शुद्ध करत पुढे न्यायची. काम वाईट नाही, पगार वेळेवर होतो. पण मूळ औषधाशी बरोबरी करायची म्हटल्यावर अमिनो आम्लांचा क्रम ठरलेला, त्यातलं एकही बदलायची सोय नाही. एक रेणू पीएच साडेतीनला हमखास गढूळ होतो; एसईसीच्या (रेणू आकारानुसार वेगळे करणारी चाचणी) आलेखात मुख्य शिखराआधी गुठळ्यांचं टेंगूळ उभं राहतं. आम्ही बफर बदलून वेळ मारून नेतो. हा रेणूच वेगळा घडवला असता तर, हा किडा काही डोक्यातून जात नाही.

ते घडवण्याचंच काम मला करायचंय. शास्त्रज्ञ ग्रेगरी विंटर, फाज डिस्प्ले (विषाणूंवर अँटीबॉडीचे तुकडे लावून हवे ते निवडायची पद्धत), त्यातून आलेलं संधिवातावरचं औषध अ‍ॅडॅलिमुमॅब, २०१८चं नोबेल, इथवर वाचून झालंय. पुढे काय? नेट देऊन पीएचडी केली तर जेआरएफ पाठ्यवृत्तीचे महिना ३७,००० रुपये मिळतील. परदेशात एमएस म्हणजे डोक्यावर कर्ज. पायथन शिकून प्रथिनांची रचना करणाऱ्या एआयकडे जा, असंही काहीजण सांगतात. पीएचडीशिवाय निभावेल का? आणि भारतात हे काम होतं कुठे?

(लग्नाचा विषय घरी रोज निघतो, इथे नको.)

प्रतिसाद १

मी याच क्षेत्रात, सध्या बॉस्टनजवळ. नुसत्या पायथनवर जाऊ नका. एआय एका रात्रीत हजारो क्रम काढून देतं. त्यातले कोणते कॉलमवरून उतरताना गुठळ्या धरतील हे ओळखणारी माणसं कमी. तुमचं ते टेंगूळ हीच तुमची शिदोरी आहे. सीडीआरमध्ये (अँटीबॉडीचा लक्ष्याला धरणारा भाग) अ‍ॅस्पॅराजिनला लागून ग्लायसिन, एकटं पडलेलं सिस्टीन (ही तिन्ही अमिनो आम्लं), पृष्ठभागावरचे पाणी टाळणारे पट्टे, हे बघायला शिका. या कामाला डेव्हलपेबिलिटी म्हणतात आणि तिथे शिरायला पीएचडी लागतेच असं नाही. स्वतःचा प्रकल्प चालवायचा असेल तर मात्र लागते. मग संस्थेच्या नावापेक्षा फाज किंवा यीस्ट डिस्प्ले खरोखर चालू असलेली लॅब बघा. नोकरीच हवी असेल तर बंगळुरूच्या सिंजीनसारख्या कंत्राटी संशोधन कंपन्या आधी पाहा.

प्रतिसाद २

भारतीय कंपन्या नकलाच करतात असं समजू नका. आयएसबी २००१ बघा: मायलोमाच्या (रक्ताचा एक कर्करोग) पेशीवरची बीसीएमए आणि सीडी३८ ही प्रथिनं, शिवाय रोगप्रतिकार करणाऱ्या टी पेशीवरचं सीडी३, असं तिन्हींना धरणारी अँटीबॉडी. मुंबईच्या ग्लेनमार्कच्या उपकंपनीची. २०२५ मध्ये अमेरिकी औषध कंपनी अ‍ॅबव्हीने तिच्या हक्कांसाठी ७० कोटी डॉलर आगाऊ मोजले. मेख एवढीच, की त्यांची संशोधनाची लॅब स्वित्झर्लंडमध्ये.

धागाकर्ती

दोघांचेही आभार. डेव्हलपेबिलिटीचं पटलं. पण कंपनीचा डेटा तर बाहेर दाखवता येणार नाही, मग मुलाखतीत दाखवू काय?

प्रतिसाद १

तो दाखवूच नका. २०१७ साली पीएनएएस या विज्ञान नियतकालिकात १३७ अँटीबॉडींवर १२ चाचण्या केलेला अभ्यास आलाय, क्रम आणि आकडे दोन्ही खुले आहेत. त्यातल्या सर्वात वाईट वागणाऱ्या चार-पाच निवडा, त्या तशा का वागतात याचा तुमचा अंदाज मांडा आणि कोणतं अमिनो आम्ल बदलाल ते लिहा. दोन पानं पुरेत. झालं की इथे टाका, बघून सांगतो.